युद्ध पुकारण्याआधीचा हिशेब : टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी खेळांत लढाई केव्हा आणि कशी करावी

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी खेळांत, म्हणजे प्रत्येकाने आपल्या पाळीला (टर्नला) चाल करायच्या डावपेचांच्या खेळांत, युद्ध पुकारायला एकच बटण दाबावे लागते. शेजाऱ्याचे सैन्य कमी दिसले किंवा आपली चार युनिट (सैन्याच्या तुकड्या) रिकामी उभी आहेत, एवढ्याच कारणावरून नवा खेळाडू ते बटण दाबून मोकळा होतो. प्रत्यक्षात युद्धाचा निकाल त्याच्या वीस-तीस टर्न आधीच बराचसा ठरलेला असतो. कोणते तंत्रज्ञान आधी घेतले, सोने कशासाठी राखून ठेवले, सीमेपर्यंतचा रस्ता पाहून ठेवला की नाही आणि घेतलेले शहर पुढे सांभाळायचे कसे याचा विचार केला की नाही, यांवर तो अवलंबून असतो. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि हाणामारीला त्या मानाने कमी.

उदाहरणे मुख्यतः 2016 साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ या खेळातली आहेत, आणि नियम त्याच्या 2019 च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारासह गृहीत धरले आहेत. साताऱ्यात माझ्या ओळखीचे बहुतेक जण हाच खेळ खेळतात, कारण हॉट-सीट प्रकारात एकाच लॅपटॉपवर चार जणांना आळीपाळीने टर्न घेता येतात. आकडे या खेळाचे असले, तरी विचाराची पद्धत इतर खेळांनाही लागू पडते.

पहिली पायरी : शहराचे नाव सांगता आले पाहिजे

पोवई नाक्याजवळच्या एका खोलीत रविवारी आमचा डाव बसतो. तिथे नव्याने खेळू लागलेल्या एका मुलाने मध्यंतरी मला विचारले, “दादा, ह्याच्याकडं दोनच वॉरियर दिसत्यात, टाकू का वॉर?”

मी विचारले, “शहर कुठलं घेणार आहेस?”

“कुठलं बी. जवळचं.”

“तटबंदी आहे का त्याला, बघितलीस?”

त्याने नकाशा सरकवून पाहिला. त्याचा स्काउट (टेहळणी करणारे युनिट) तिथून कधीच पुढे निघून गेला होता. पडद्यावर दिसत होते ते बऱ्याच टर्नपूर्वीचे, करड्या धुक्याखालचे जुने चित्र. दोन वॉरियरही त्याच चित्रातले होते.

युद्धाचा हेतू एका वाक्यात आणि शहराच्या नावासह सांगता येत नसेल, तर युद्ध पुकारू नये. “उत्तरेकडील अमुक शहर घ्यायचे, कारण त्याच्या हद्दीत लोखंड आहे आणि तिथून आपल्या राजधानीवर हल्ला येऊ शकतो,” हा हेतू झाला. “शेजारी कमजोर आहे” ही फक्त परिस्थिती झाली. हेतूवरून किती सैन्य लागेल, किती टर्न लागतील आणि कुठे थांबायचे, हे तिन्ही ठरते. हेतू शहर घेण्याचाच असला पाहिजे असेही नाही. शेजारी विज्ञानात फार पुढे चालला असेल, तर त्याचे कॅम्पस (शहरातले विज्ञानाचे विभाग) आणि खाणी लुटून त्याला मागे खेचणे हेही पुरेसे कारण आहे. अशा युद्धाला तोफा लागत नाहीत, चपळ घोडदळ लागते.

दुसरी पायरी : खर्च उत्पादनात मोजा

सुरुवातीच्या काळात वॉरियर या पायदळी युनिटला 40 उत्पादन (शहराच्या बांधकामाचे माप) लागते, आर्चरला (तिरंदाजाला) 60 आणि नवे शहर वसवणाऱ्या पहिल्या सेटलरला 80. त्यानंतरचा प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो. म्हणजे तीन आर्चर आणि दोन वॉरियर ही छोटी फौज 260 उत्पादनाची झाली. तेवढ्यात दोन सेटलर निघून तिसराही बराचसा तयार होतो. आसपास चांगली मोकळी जमीन पडलेली असेल, तर या फौजेने दोन-तीन शहरे मिळवून दिली तरच युद्ध परवडते. जमीन संपली असेल, किंवा उरलेल्या जमिनीला गोडे पाणी नसेल, तर तोच हिशेब उलटतो, कारण सेटलर बनवून पाठवायला जागाच उरलेली नसते. शिवाय शेजाऱ्याच्या शहरात लोकसंख्या, खाणी, शेते आणि कधी एखादा बांधून झालेला डिस्ट्रिक्टही (शहराचा खास विभाग) तयार मिळतो.

अनेक जण या हिशेबात टर्न धरायला विसरतात. सैन्य बनवण्यात गेलेले पंधरा टर्न म्हणजे लायब्ररी, मार्केट आणि बिल्डर न बनवलेले पंधरा टर्न. त्या काळात तिसरा खेळाडू शांतपणे वाढत असतो. चौघांच्या डावात दोघे एकमेकांना चाळीस टर्न झुंजवत ठेवतात आणि जिंकतो तिसराच, हे आमच्याकडे वारंवार पाहायला मिळते. म्हणून ठरवलेले युद्ध साधारण किती टर्नांत संपेल याचा अंदाज आधी मांडावा, आणि तो वीसच्या पुढे जात असेल तर बेत पुन्हा तपासावा.

तिसरी पायरी : वेळ साधणे

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि त्यासाठी लढाईचे गणित थोडे समजून घ्यायला हवे.

या खेळात प्रत्येक युनिटचे आरोग्य 100 असते. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असेल, तर एका झटापटीत दोघांचे साधारण 30-30 आरोग्य जाते, आणि नशिबाने त्यात वीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होते. ताकदीत फरक पडू लागला की नुकसान सरळ रेषेत वाढत नाही, ते पटीने वाढते. आपण 10 गुणांनी वरचढ असलो तर आपण सुमारे 45 आरोग्य उडवतो आणि आपले 20 जाते. 20 गुणांनी वरचढ असलो तर हेच आकडे 67 आणि 13 होतात. 30 गुणांचा फरक असेल तर समोरचे युनिट एकाच घावात संपण्याच्या बेतात येते. जखमी युनिटची ताकद दर 10 आरोग्यामागे एका गुणाने घटते, त्यामुळे पहिल्या टर्नला मागे पडलेली बाजू दुसऱ्या टर्नला आणखी मागे पडते.

म्हणून बरोबरीच्या सैन्याने लढू नये. दुप्पट संख्येपेक्षा एका युगाने पुढची शस्त्रे कितीतरी अधिक उपयोगी पडतात, कारण नकाशावर एका घरात (षटकोनी खान्यात) एकच लढाऊ युनिट उभे राहते आणि अरुंद जागेत जादा संख्या मागच्या रांगेतच अडकते. आर्चरची दूरमाराची ताकद 25 आहे, क्रॉसबोमनची 40. वॉरियरची ताकद 20 आहे, मस्केटमनची 55. शेजाऱ्याकडे जुनी युनिट असताना तुमची नवी युनिट मैदानात उतरतात तो थोडासा काळ, साधारण पंधरा ते वीस टर्नांचा, हाच तुमचा हंगाम. उसाला तोड वेळेवर मिळाली नाही की उतारा घसरतो, तसे या हंगामाचे आहे. मिळालेली आघाडी राखून ठेवता येत नाही, कारण शेजाऱ्याचे संशोधनही चालूच असते.

हा हंगाम मुद्दाम घडवता येतो. नवी युनिट पहिल्यापासून बनवत बसण्याऐवजी स्वस्त जुनी युनिट आधीच बनवून ठेवावीत, सोने साठवावे आणि तंत्रज्ञान मिळाले त्याच टर्नला सगळी एकदम अपग्रेड करावीत. स्लिंगर (गोफणवाला) अवघ्या 35 उत्पादनात तयार होतो. चार स्लिंगर बनवून ठेवले आणि त्यांपैकी एकाने एखादा रानटी टोळीवाला मारला, तर आर्चरीच्या संशोधनाला युरेका (संशोधनाचा काही भाग फुकट पूर्ण करणारी सवलत) मिळतो आणि थोड्या सोन्यात चारही जण आर्चर होतात. पुढे तीन आर्चर हाताशी असले की मशिनरीचा युरेका मिळतो आणि तेच आर्चर क्रॉसबोमन होतात. अपग्रेडचा खर्च कमी करणारे ‘प्रोफेशनल आर्मी’ हे धोरण-कार्ड त्या एका टर्नपुरते लावून पुन्हा काढता आले, तर उत्तमच. एरवी सुरुवातीला ‘अगोगे’ कार्ड लावल्यास पायदळ आणि तिरंदाज 50 टक्के वेगाने तयार होतात.

लोखंड, घोडे आणि नायटर (सोरा) यांचा साठा मात्र आधीपासून मोजत राहावे लागते. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये एका स्वोर्ड्समनला 20 लोखंड लागते, आणि साधारण खाणीतून टर्नला 2 मिळते. एका खाणीच्या भरवशावर चार स्वोर्ड्समनचा बेत आखला, तर चाळीस टर्न नुसते वाट पाहण्यात जातील आणि तोवर हंगाम निघून गेलेला असेल.

चौथी पायरी : शेजारी नीट वाचा

हल्ल्यापूर्वी एक स्काउट किंवा कोणतेही चपळ युनिट त्या शहराजवळ नेऊन ताजे चित्र पाहावे. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली, तटबंदी आहे का. कारण तटबंदी नसलेले शहर बाण मारू शकत नाही आणि तटबंदी असलेले शहर दर टर्नला मारते. दुसरी, शहराभोवतालची जमीन. टेकडीवर किंवा जंगलात उभ्या असलेल्या बचाव करणाऱ्या युनिटला 3 गुण जास्त मिळतात, जागेवर ठाण मांडलेल्याला 6 पर्यंत, आणि नदी ओलांडून केलेला हल्ला कमजोर पडतो. शिवाय दोन पावले चालणाऱ्या युनिटने एक पाऊल सपाट जमिनीवर खर्च केले की त्याच टर्नला त्याला टेकडी चढता येत नाही. त्यामुळे नकाशावर तीन घरांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात तीन टर्नांचे ठरू शकते. तिसरी, त्याचे मित्र कोण आहेत आणि तो सध्या आणखी कोणाशी लढतो आहे का. ज्याचे सैन्य दुसऱ्या सीमेवर गुंतलेले आहे असा शेजारी मिळणे ही मोठीच संधी असते.

एआयशी (संगणकाशी) खेळताना कठीणतेची पातळीही लक्षात घ्यावी. डिटी या सर्वांत वरच्या पातळीवर एआय तीन सेटलर घेऊन सुरुवात करतो आणि त्याच्या युनिटांना लढाईत 4 गुण अधिक मिळतात. म्हणून तिथे अगदी सुरुवातीची चढाई महागात पडते, आणि क्रॉसबोमन किंवा त्यापुढच्या तोफांपर्यंत थांबणे बहुधा शहाणपणाचे ठरते. प्रिन्स या मधल्या पातळीवर दोघेही सारखेच असतात.

पाचवी पायरी : युद्धाची रीत

न सांगता केलेल्या सरप्राइज वॉरमुळे इतर देशांच्या मनात तुमच्याविरुद्ध जास्त ग्रिव्हन्स (तक्रारी) साठतात. त्याऐवजी शेजाऱ्याला आधी डिनाउन्स करावे (त्याचा जाहीर निषेध करावा), पाच टर्न थांबावे आणि मग फॉर्मल वॉर पुकारावे. त्याने बदनामी कमी होते. हे पाच टर्न वाया जात नाहीत, कारण सैन्याला सीमेपर्यंत चालत जायला तेवढे लागतातच. वेळापत्रक असे मांडावे : आधी डिनाउन्स, त्याच टर्नला सैन्याची कूच, आणि सैन्य सीमेला भिडेल त्याच टर्नला युद्धाची घोषणा. डिनाउन्सची मुदत 30 टर्न असते, तेव्हा फार आधीही करून ठेवू नये.

दोन धोके इथे सांगितले पाहिजेत. सीमेवर सैन्य पाहून शेजारी कधी कधी ते हलवण्याचे वचन मागतो. वचन देऊन लगेच हल्ला केला तर बदनामी आणखी वाढते, म्हणून द्यायचे नसेल तर देऊ नये. दुसरा धोका सिटी-स्टेटचा, म्हणजे एकाच शहराच्या छोट्या राज्याचा. छोटे शहर सोपे भक्ष्य वाटते, पण ते घेतल्यावर इतर देश तुमच्याविरुद्ध एकत्र येऊन इमर्जन्सी उभी करू शकतात, आणि एका शहरासाठी तीन आघाड्या उघडतात.

सहावी पायरी : हल्ल्याचे पहिले दोन टर्न

हा भाग एका उदाहरणातून आकड्यांनिशी पाहू. समजा शेजाऱ्याचे शहर तटबंदीविना आहे आणि त्याची ताकद 20 आहे. शहराचे आरोग्य 200 असते. तुमच्याकडे तीन आर्चर आणि दोन वॉरियर आहेत. शहरावर मारा करताना दूरमाराच्या युनिटांची ताकद 17 गुणांनी कमी धरली जाते, त्यामुळे आर्चरची ताकद 25 वरून 8 वर येते आणि तो एका टर्नला सुमारे 19 नुकसान करतो. तिघांचे मिळून 56. दोन वॉरियर बरोबरीच्या ताकदीने सुमारे 30-30 करतात आणि तितकेच सोसतात. पहिल्या टर्नला एकूण 115 च्या आसपास नुकसान होऊन शहराचे 85 आरोग्य उरते. वेढा नसेल तर टर्नअखेर शहर 20 भरून काढते आणि 105 वर येते. दुसऱ्या टर्नला जखमी वॉरियर थोडे कमी मारतात, तरी एकूण बेरीज 109 च्या घरात जाते, आणि शहर जेमतेम पडते.

हे जेमतेम प्रकरण नशिबावर सोडू नये. नुकसान वीस टक्क्यांनी कमी निघाले तर तिसरा टर्न लागतो, आणि तोवर शहरात नवे युनिट तयार होऊन बाहेर पडू शकते. म्हणून हिशेबाने लागतात त्यापेक्षा एक आर्चर जास्त न्यावा आणि क्रमही पाळावा : आधी सगळे आर्चर, मग वॉरियर. शहराचा ताबा पायदळ किंवा घोडदळच घेऊ शकते, तिरंदाज आणि तोफा घेऊ शकत नाहीत. शेवटचा घाव कोण घालणार, आणि त्यासाठी कोणाला निरोगी राखायचे, हे पहिल्याच टर्नला ठरवून ठेवावे.

आता त्याच शहराला एन्शंट वॉल्स आहेत असे धरू. भिंतीचे वेगळे 100 आरोग्य असते. भिंतीवर आर्चरचा मारा निम्मा आणि वॉरियरचा फक्त 15 टक्के लागतो. मगाचीच फौज भिंतीचे टर्नला जेमतेम 37 नुकसान करते, म्हणजे नुसती भिंत पाडण्यात तीन टर्न जातात, आणि तेवढे दिवस शहर दर टर्नला एका युनिटवर बाण मारत राहते. त्याच फौजेबरोबर 65 उत्पादनाचा एक बॅटरिंग रॅम (भिंत फोडणारा ओंडका) असला, तर शहराला लागून उभ्या असलेल्या पायदळाचा मारा भिंतीवर पूर्ण बसतो आणि टर्नचे नुकसान 37 वरून जवळपास 90 वर जाते. सुरुवातीच्या काळात उत्पादनाचा याहून चांगला मोबदला देणारे युनिट माझ्या पाहण्यात नाही. त्याचा उपयोग मात्र जुन्या भिंतींपुरताच आहे. मध्ययुगीन तटबंदी आली की सीज टॉवर किंवा तोफा लागतात.

कॅटापल्ट (दगडफेकीचे यंत्र) वापरताना एक बारकावा लक्षात ठेवावा. एरवी तो ज्या टर्नला हलतो त्या टर्नला मारू शकत नाही. त्याचा पल्ला दोन घरांचा आणि शहराचाही दोन घरांचाच. म्हणजे तो जागेवर पोहोचतो त्या टर्नला शहर त्याच्यावर मारणार, आणि तो उत्तर देणार पुढच्या टर्नला. म्हणून कॅटापल्ट एकटा पुढे ढकलू नये. त्याच टर्नला दुसरी दोन-तीन युनिटही माऱ्याच्या टप्प्यात आणावीत, म्हणजे शहराला लक्ष्य निवडावे लागते. सोबत ग्रेट जनरल (खास सेनापती) असेल तर दोन घरांच्या आतील त्या युगाच्या युनिटांना 5 गुण आणि एक जादा पाऊल मिळते, आणि त्या जादा पावलामुळे कॅटापल्टची ही अडचणही सुटते.

वेढा, आणि अजिंक्यताऱ्याची आठवण

शहराभोवतीच्या सहाही घरांवर तुमच्या पायदळाचा वचक बसला, तर शहर वेढ्यात येते आणि त्याचे टर्नला 20 आरोग्य भरून येणे बंद होते. त्यासाठी सहा युनिट लागत नाहीत. प्रत्येक पायदळी युनिटचा वचक शेजारच्या घरांवरही असतो, त्यामुळे मोकळ्या मैदानात समोरासमोर उभी केलेली दोन-तीन पुरतात. नदीपलीकडे हा वचक पोहोचत नाही आणि तिरंदाजांना तो मुळीच नसतो. नदीकाठचे शहर वेढायला म्हणूनच एखादे युनिट जास्त न्यावे.

वेढा कधी उठवायचा हा प्रश्न याहून अवघड आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला त्याचे सगळ्यात जवळचे उदाहरण मान वर केली की दिसते. औरंगजेबाने डिसेंबर 1699 मध्ये अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल 1700 पर्यंत झुंजवत ठेवला, आणि मोगलांनी तटाखाली लावलेल्या सुरुंगांपैकी एक त्यांच्याच सैन्यावर उलटला. किल्ला शेवटी पडला, पण बादशहाची मुख्य फौज एका किल्ल्यापुढे महिनोन् महिने खिळून राहिली, आणि काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला. खेळात या परिस्थितीची खूण अशी : पाच टर्न झाले तरी शहराचे आरोग्य निम्म्याच्या खाली आलेले नाही, आणि तुमची दोन युनिट लाल रेषेवर आहेत. शत्रूच्या हद्दीत विश्रांती घेतलेल्या युनिटचे टर्नला फक्त 5 आरोग्य भरते, तटस्थ भूमीत 10, स्वतःच्या हद्दीत 15 आणि स्वतःच्या शहरात 20. भिंतीखाली बसून जखमा भरत नाहीत. जखमी युनिट मागे न्यावीत, आणि एखाद्याला प्रमोशन (अनुभवातून मिळणारी बढती) मिळालेले असेल तर ते गरज पडेपर्यंत राखून ठेवावे, कारण प्रमोशन घेताच 50 आरोग्य भरते. मारा करणारी युनिट दोनच उरली आणि शहर अजून उभे असेल, तर माघार घ्यावी. अनुभवी क्रॉसबोमन जिवंत परत आणणे हे त्या टप्प्यावर शहरापेक्षा मोलाचे असते.

याच्या उलट चूकही होते. शत्रूची मैदानी फौज फुटल्यावर पुष्कळ खेळाडू घेतलेल्या पहिल्या शहरातच थांबून सगळ्यांना बरे करत बसतात. प्रतापगडावर 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाचा पराभव झाला, आणि 28 नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूरकरांना दुसरी फौज उभी करायला वेळ मिळण्याआधीच शिवाजी महाराज थेट कोल्हापूर प्रांतापर्यंत पोहोचले होते. एआयला नवी युनिट बनवायला पाच-सात टर्न लागतात. तेवढ्या काळात, अर्धे सैन्य जखमी असले तरी, निरोगी अर्ध्याने दुसऱ्या शहरासमोर उभे राहिले पाहिजे. शत्रूची शेते लुटल्याने आरोग्य मिळते, त्याचाही वाटेत फायदा घ्यावा.

सातवी पायरी : घेतलेले शहर टिकवणे

2018 च्या ‘राइज अँड फॉल’ विस्तारापासून या खेळात लॉयल्टी (शहराची निष्ठा) आली, आणि युद्धाचे नियोजन तेव्हापासून बदलले. प्रत्येक शहरावर नऊ घरांच्या आतील सगळ्या लोकवस्तीचा दाब असतो. जवळच्या वस्तीचा जास्त, दूरच्या वस्तीचा कमी. शत्रूच्या मोठ्या शहरांच्या मधोमध असलेले छोटे गाव तुम्ही घेतले, तर त्याची लॉयल्टी टर्नला 20 पर्यंत घसरू शकते आणि काही टर्नांतच ते बंड करून निघून जाते. एवढ्या कष्टाने घेतलेले शहर असे जाताना पाहणे फार जिव्हारी लागते.

यावर मला तीन उपाय खात्रीचे वाटतात. पहिला म्हणजे क्रम बदलणे. सोपे आणि छोटे शहर आधी घेण्याचा मोह टाळून, शक्य असेल तर मोठ्या लोकसंख्येचे शहर आधी घ्यावे, कारण दाबाचा उगम तिथेच असतो. दुसरा उपाय म्हणजे दोन शेजारची शहरे चार-पाच टर्नांच्या अंतराने घेणे, म्हणजे ती एकमेकांना आधार देतात. तिसरा म्हणजे गव्हर्नर, शहरावर नेमायचा अधिकारी. त्याच्या नेमणुकीने टर्नला 8 लॉयल्टी मिळते. इतर गव्हर्नरना स्थिर व्हायला पाच टर्न लागतात, व्हिक्टर नावाच्या गव्हर्नरला तीन. त्यामुळे युद्धकाळात व्हिक्टर हाताशी मोकळा ठेवावा. सुवर्णयुगात तुमच्या नागरिकांचा दाब दीडपट होतो आणि अंधारयुगात निम्मा. अंधारयुगात शिरणार असाल तर मोठी चढाई पुढे ढकलावी. हे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे.

युद्ध लांबले की वॉर वीअरिनेसमुळे (युद्धाच्या थकव्यामुळे) अमेनिटी (नागरिकांच्या सुखसोयी) घटतात आणि स्वतःच्या शहरांचेही उत्पादन खाली येते. परक्या भूमीवर लढल्याने आणि युनिट गमावल्याने हा थकवा जास्त वाढतो.

आठवी पायरी : तह

युद्ध पुकारल्यानंतर पहिले दहा टर्न तह करता येत नाही, म्हणून पुकारतानाच निदान दहा टर्नांची तयारी हवी. तहासाठी योग्य वेळ असते ती तुमचे सैन्य शत्रूच्या पुढच्या शहरासमोर उभे असताना. त्या वेळी तो जास्तीत जास्त द्यायला तयार असतो. सैन्य मागे घेऊन मग बोलणी केली, तर तोच शेजारी हात आखडता घेतो. मागताना जिंकलेली शहरे करारात आपल्या नावावर करून घ्यावीत, मग दर टर्नला मिळणारे सोने, आणि त्यानंतर ग्रेट वर्क (थोर कलाकृती) किंवा चैनीच्या वस्तू.

हरत असतानाही तह हे हत्यार असते. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 12 स्वतःकडे ठेवले. 1670 पासून त्यांतले बहुतेक परत घेतले. खेळात राजधानीवर दबाव आला असेल, तर सीमेवरचे एखादे शहर देऊन तह करावा, म्हणजे तटबंदी बांधायला आणि पुढचे तंत्रज्ञान मिळवायला उसंत मिळते. शहर देताना ते आपल्या मोठ्या शहरांच्या लॉयल्टीच्या छायेत आहे का हे पाहावे. तसे असेल, तर ते आपणहून परत येण्याची शक्यता राहते.

इतर खेळांत काय बदलते

ज्यांच्याकडे चांगला लॅपटॉप नाही, त्यांच्यासाठी ‘अनसिव्ह’ हा मोफत, मुक्त स्रोत खेळ साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतो. त्याचे नियम ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’सारखे आहेत. तिथे लॉयल्टी नाही, पण प्रत्येक जिंकलेल्या शहरागणिक साम्राज्याचा आनंद घटतो. म्हणून युद्धापूर्वी आनंदाचा साठा मोजावा आणि घेतलेली शहरे सुरुवातीला पपेट (ज्यांचा कारभार आपण थेट चालवत नाही अशी) म्हणूनच ठेवावीत.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हाही मोफत खेळ. त्यात युद्ध पुकारण्याचा प्रश्नच नाही, पण कधी पुढे सरकायचे हा प्रश्न प्रत्येक टर्नला असतो. तिथे दिवस-रात्रीचे चक्र सहा टर्नांचे असते. लॉफुल युनिट (बहुतेक माणसे) दिवसा 25 टक्के जास्त आणि रात्री तेवढेच कमी नुकसान करतात, केऑटिक युनिटांचे (उदा. ऑर्क) याच्या बरोबर उलट. माणसांची फौज घेऊन ऑर्कांवर जायचे असेल, तर संध्याकाळी गावांपर्यंत मागे येऊन रात्र काढावी, कारण गावात उभ्या युनिटचे टर्नला 8 आरोग्य भरते, आणि पहाटेच्या टर्नला पुढे सरकावे. एल्फांशी जंगलात लढू नये; तिथे त्यांना घाव चुकवण्याची 60 ते 70 टक्के संधी मिळते. त्यांना मोकळ्यावर यायला लावावे.

फोनवरच्या ‘बॅटल ऑफ पॉलिटोपिया’त शहरावर पाऊल ठेवले तरी ताबा पुढच्या टर्नलाच मिळतो. त्या एका टर्नात तुमचे युनिट तिथे जिवंत राहील का, एवढे मोजून मगच शहरात शिरावे. सोबतचे दुसरे युनिट अशा जागी उभे करावे, की शत्रूला त्या शहराकडे येण्याची सोपी वाट उरणार नाही.